कॉलरच्या आतली फुली

"पावती नको, ताई. माझं नावच कुठे नको," औषधवाला म्हणाला आणि वर्गणीची नोट त्याने मशीनवरच्या कापडाखाली सरकवली.

"अहो, वर्गणी भरेल तोच सभासद. पुरेसे सभासद झाल्याशिवाय पालक संघाची नोंदणी होत नाही. कुणी भरली, कुणी नाही, मी लक्षात कसं ठेवू?"

"ते तुम्ही बघा. माझी दोन लेकरं आहेत त्या शाळेत."

शिंपीणबाईने पाय थांबवला. सकाळपासून जो आला तो हेच सांगून गेला होता. पैसे द्यायला कुणाची ना नव्हती, नाव द्यायला होती.

महिन्यापूर्वी शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेतली वायर जळाली. पुढच्या जिन्यात धूर भरला, तेव्हा वर्गावरच्या बाईंनी मुलांना मागच्या लोखंडी जिन्याने खाली पिटाळले. खाली गल्लीत उघडणाऱ्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप होते, किल्ली ऑफिसात. मुले पुन्हा वर चढून त्याच धुरातून बाहेर आली. कुणाला काही झाले नाही, म्हणून काही घडलेच नाही असे शाळेने धरले. शिंपीणबाईची मुलगी त्यानंतर आठवडाभर खोकत होती. संघाची मागणी एकच होती: शाळा भरलेली असताना ते कुलूप काढा.

"मग मी खूण करते," ती म्हणाली.

शाळेचे गणवेश तीच शिवायची. दुरुस्तीला आलेले शर्ट सगळे सारखेच दिसत, म्हणून कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याची बारीक फुली घालायची तिची जुनी पद्धत होती. "वर्गणी आली की पोराच्या शर्टात निळी फुली. कागद नाही, नाव नाही."

"हे झकास," औषधवाला म्हणाला. त्याला हायसे वाटलेले दिसले.

कोपऱ्यात सासूबाई एका झबल्याला टिचबटणे ठोकत होत्या. हातोडी न थांबवता त्या म्हणाल्या, "खूण कापडाला ठीक असते. पोरांच्या मानेवर कशाला?"

"आतून असते, आई. दिसतेय कुणाला?"

"तुझंच खरं बाई."

मुलांना फुली दिसायला दोन दिवस पुरले. मधल्या सुट्टीत ती एकमेकांच्या कॉलरी उलटू लागली. ज्यांच्या शर्टात फुली नव्हती, त्यांनी घरी हट्ट धरला आणि वर्गणी भराभर जमली. शिंपीणबाईला याचे हसू आले होते. तिने ते सासूबाईंना सांगितलेही. त्या हसल्या नाहीत.

मग एका दुपारी मुलगी घरी आली आणि दप्तर न काढताच उभी राहिली.

"आज प्रार्थनेनंतर कॉलरी बघितल्या. स्वच्छता तपासणी म्हणे."

"ओरडले?"

"नाही. फुलीवाल्यांना एका बाजूला उभं केलं. मग शाबास म्हणाले."

"शाबास?"

"हो. उद्यापासून आमची वेगळी तुकडी. तिसऱ्या मजल्यावर, मागच्या जिन्यापाशी."

सासूबाईंची हातोडी थांबली.

संध्याकाळी शाळेच्या पर्यवेक्षिका स्वतः दुकानात आल्या. स्टूल पुढे केले तरी बसल्या नाहीत. दोरीवरचा एक शर्ट त्यांनी हातात घेतला, कॉलर उलटली, अंगठ्याने फुली चाचपली.

"काम सुबक आहे हो तुमचं. आतूनसुद्धा."

शिंपीणबाईने स्टूल पुन्हा मागे सरकवले.

"पुढच्या सत्रापासून आम्ही तयार गणवेश मागवतोय. गोल गळ्याचे. कॉलर फार मळ धरते."

"आणि जाळीचं कुलूप?"

"चोर शिरतात. मुलांच्याच भल्यासाठी आहे ते." त्यांनी शर्टाची घडी केली, तिच्यापेक्षाही नीट. "कुणाला तुकडी बदलून हवी असेल, तर शर्ट तेवढे नीट करून पाठवायला सांगा. आम्ही मनात काही ठेवत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर रांग लागली. पर्यवेक्षिकांचा निरोप तिने कुणालाही दिलेला नव्हता. कुणी शर्ट पिशवीत आणला होता, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून. ती एकेक फुली उसवत गेली. वर्गणी परत करू लागली, तर कुणी हात पुढे केला नाही. पैसे परत घेणे म्हणजे दिले होते हे कबूल करणे. औषधवाला सगळ्यांत शेवटी आला.

"तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी, ताई."

"मग?"

"धाकटीला दमा आहे. तिसरा मजला झेपत नाही तिला."

"म्हणूनच तर कुलूप काढायचं होतं, दादा."

त्याने मान हलवली. शर्ट उजेडात धरून आतून-बाहेरून पाहिला. "निळा धागा कुठे राहिला नाही ना?"

तो गेल्यावर तिने स्वतःच्या मुलीच्या शर्टातली फुलीही उसवली. उपयोग झाला नाही. तिच्या मुलीसाठी शाळेला खूण बघायची गरज नव्हती. वरच्या खोलीत ती आणि आणखी तीन मुले उरली. त्या तिघांच्या आईबापांना कामावरून सुटून दुकानात यायला जमले नव्हते.

"रिकामा वर्ग केवढा मोठा वाटतो," मुलगी जेवताना म्हणाली. "आणि खालून कुलूप लावल्याचा आवाज वरपर्यंत येतो."

सकाळी शिंपीणबाईने दुकान उघडले नाही. हाताने फिरवायचे जुने मशीन माळ्यावरून काढले, पुसले आणि डोक्यावर घेऊन शाळेमागच्या गल्लीत नेले. जाळीच्या दाराशी, भिंतीला टेकून, तिने सतरंजी घातली.

पहारेकरी आला. "इथं नाही बसायचं, बाई."

"गल्ली शाळेची आहे का?"

"तसं नाही. पण मला विचारतील."

"विचारलं तर सांगा, दुरुस्ती चालू आहे."

तो घुटमळला आणि मागे वळून बघत निघून गेला. थोड्या वेळाने सासूबाई आल्या. गुडघे धरत त्या सतरंजीवर टेकल्या, पिशवीतून बटणांचा डबा काढला, मग हातोडी.

पहारेकरी पुन्हा आला होता. "आजी, हातोडी कशाला?"

"टिचबटणं ठोकायला."

त्याने सतरंजीवरचे कपडे पाहिले. ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे. टिचबटण लागेल असे त्यांत काहीच नव्हते. त्याने तोंड दुसरीकडे वळवले.

वर घंटा झाली. शिंपीणबाईने मशीनची मूठ फिरवली. सासूबाईंनी हातोडी कुलपाच्या बाजूला, हात पोहोचेल अशी ठेवली आणि सुईत दोरा ओवायला घेतला.