योकमधला करंट

कॅप्टननी सलग तिसऱ्यांदा विमान धावपट्टी सोडून शेजारच्या तळ्यात घातलं, आणि जावयाने धावत जाऊन फ्रीजची पिन काढली.

"आता बघा बाबा. आता घरात काही म्हणजे काही चालू नाही."

"दूध नासेल तुमचं."

"नासू दे."

"मुलगी दिली तेव्हा वाटलं होतं, शांत स्थळ आहे," कॅप्टन पडद्याकडे बघत म्हणाले. "चला, परत दहा मैलांवर ठेवा मला."

जावयाने विमान तळ्यातून उचलून दहा मैलांवर, आभाळात ठेवलं. त्याचा धंदाच तो होता. घरबसल्या कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्या हौशी लोकांसाठी तो विमानं बनवायचा. हे दोन पंख्यांचं, पायलट धरून दहा सीटचं जुनं विमान कॅप्टननी नोकरीत सव्वीस वर्षं उडवलेलं. सासऱ्यांच्या डोक्यातलं विमान कॉम्प्युटरमध्ये उतरवता उतरवता जावयाची दोन वर्षं गेली होती. पहिल्या खेपेला त्याने किलोचे आकडे पौंडाच्या रकान्यात भरले. निम्म्याहून हलकं झालेलं विमान इंजिन सुरू करायच्या आधीच नुसत्या वाऱ्याने उडालं. दुसऱ्या खेपेला चाकांचं बटण दाबलं की चाकं जागच्या जागी राहायची आणि पायलटची खुर्ची विमानाच्या पोटातून खाली यायची. ते निस्तरलं. मग अकरा हौशी लोकांना तपासायला दिलं, तर त्यांतल्या एकाने ॲशट्रेचा एक स्क्रू उलटा बसलाय म्हणून सतरा मेल पाठवले. स्क्रूही सरळ झाला.

राहिली होती ती एकच गोष्ट. उतरताना विमानाचं नाक थरथरायचं.

अकरा जणांपैकी कुणाचीच ही तक्रार नव्हती. पण अकरा जणांपैकी कुणी खरं विमान जवळून पाहिलंही नव्हतं, त्यामुळे जावयाने कॅप्टनचंच खरं धरलं. विमानाचं स्टिअरिंग, म्हणजे योक, टेबलाला पकडीने बसवलेलं होतं. त्याने ते तीनदा उघडलं. वायर बदलली, सेन्सर बदलला. घरातल्या विजेची खरखर आत शिरत असेल म्हणून गेले तीन आठवडे कॅप्टन हवेत असताना मिक्सर बंद, वॉशिंग मशीन बंद, गीझर बंद. बायको एकदा डोक्याला शाम्पू लावून थंड पाण्याखाली उभी राहिली होती, आणि ते ती अजून विसरली नव्हती.

घाई होती ती रविवारची. फ्लाइंग क्लबकडे या जातीचं एकच चालू विमान उरलं होतं, आणि रविवारी क्लबच्या कार्यक्रमात कॅप्टन ते स्वतः उडवणार होते. पायलट एकटेच. मागच्या सीटांवर पाहुणे, आणि त्यांतल्या एका सीटवर त्यांची मुलगी. महिनाभर सराव चालला होता तो त्यासाठी.

आज जावयाने नवं कोरं योक आणून जोडलं होतं. शिवाय दुसऱ्या पडद्यावर एक आलेख लावला होता. योक जरा हललं की रेघ हलणार.

कॅप्टननी योक धरलं. रेघेला दात फुटले. बारीक, एकसारखे. जावयाने मोजले. सेकंदाला पाच.

"येतोय ना करंट?" कॅप्टन म्हणाले.

"येतोय. जरा सोडा बघू."

कॅप्टननी हात मांडीवर घेतला. रेघ सरळ झाली.

"थांबा, हिला बसवून बघतो." त्याने बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, वडलांच्या खुर्चीत बसली.

"करू काय?"

"काही नाही. नुसतं धर."

तिने विमान सरळ डोंगरावर नेलं. पण रेघ तारेसारखी ताठ होती.

"झालं? की आता माझीही पिन काढणार?" असं म्हणून ती आत गेली.

मग जावई स्वतः बसला. रेघ ताठ.

तो खुर्चीतून उठला आणि विनाकारण टेबलाची पकड आवळायला लागला. ती आधीच आवळलेली होती. दोन वर्षांतल्या कॅप्टनच्या सगळ्या सूचना त्याला एकामागून एक आठवत होत्या. योक अजून जड करा. खऱ्या विमानात यापेक्षा जड असतं. अजून जड. प्रत्येक वेळी त्याने केलं होतं, आणि प्रत्येक वेळी कॅप्टनचा हात आठवडाभर सुधारला होता.

"पकड तुटेल," कॅप्टन म्हणाले.

जावयाने सोडली. कॅप्टन परत खुर्चीत बसले, योक धरलं, विमान धावपट्टीच्या रोखाने वळवलं. आलेखाकडे त्यांनी बघितलं नाही.

"त्यात थरथर गाळायचं फिल्टर का काय ते टाकता येतं ना? मागे म्हणाला होतात."

"येतं."

"मग टाका. कितीसं काम आहे?"

"तीन मिनिटांचं."

"मग अडलंय कुठे?"

"माझ्या विमानात टाकीन, बाबा. रविवारच्या विमानात कोण टाकणार?"

कॅप्टन पुढे बघत राहिले. विमान खाली येत होतं. उंची पाचशे, चारशे. नाक थरथरत होतं. जावयाला वाटलं, आता ओरडतील. सासरे ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हिला बोललात?"

"नाही."

"कधीपासून कळलंय?"

"आत्ता. दहा मिनिटं झाली."

मला तर दिवाळीआधीपासूनच कळलंय, हे कॅप्टनच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. तीनशे. दोनशे. विमानातला यांत्रिक आवाज वर खेचा, वर खेचा म्हणून बोंबलायला लागला. कॅप्टननी योकवरचा हात काढला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. जावयानेही योक धरलं नाही. धावपट्टीच्या अलीकडे पडदा लाल झाला, मग काळा.

"चांगलं बनवलंय विमान," कॅप्टन म्हणाले. "अगदी असंच पडलं असतं."

कॅप्टननी खुर्ची टेबलापासून मागे सरकवली.

"क्लबच्या सेक्रेटरीला फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ताच. संध्याकाळपर्यंत माझं मन बदलेल."

"पण बाबा, हे मी कसं सांगू त्यांना?"

"सांगणार मीच आहे," कॅप्टननी खिशातून फोन काढून त्याच्यापुढे धरला. "नंबर तेवढा तुम्ही दाबा. माझं बोट हल्ली शेजारच्या आकड्यावर पडतं."