चितेगावचा तट आणि दगडाबाईच्या शेळ्या

बद्रीनाथ ओव्हरसियर पेन्शनीत निघाले तोवर त्यांची एकही भिंत पडली नव्हती, अन् हे ते चहा पाजणाऱ्याला तर सांगतच, न पाजणाऱ्यालाही सांगत. पण त्यांच्या चितेगावच्या शेतातली मोसंबीची रोपं शेजारच्या दगडाबाईच्या शेळ्यांनी दोनदा फस्त केली. बायको भागूबाई म्हणाल्या, "तिसऱ्यांदा खाल्ली ना, तर जमीन विका अन् चला नांदेडला, पोराकडं."

नांदेडला सून पहाटेपासून रेडिओ लावायची. बद्रीनाथ लगेच उपाय शोधायला लागले.

शहागंजात रद्दीवाल्याकडं त्यांना एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन किल्लेबांधणीवाल्याचं चरित्र. हा गडी आज या राजाचा किल्ला बांधी, उद्या त्या राजाचा. भिंतीला बाहेरून ढाळ ठेवला की तोफेचा गोळा वरच्या वर घसरून जातो, असं त्याचं म्हणणं. झालं! बद्रीनाथांनी शेताला तसाच तट घातला. कोपऱ्यांना टोकदार बुरूज, बाहेरून दगडी ढाळ, आतून भिंत ओळंब्यात सरळ, अन् शिरायला तीन वळणांची बोळ.

हबीब गवंडी म्हणाला, "साब, तोप किसके पास है? दगडाबाईकडं नुसत्या बकऱ्या हायेत."

"तू दगड लाव."

तट पुरा झाला त्याच आठवड्यात अठरा शेळ्या जिना चढाव्या तशा ढाळावरून वर गेल्या अन् आत उतरल्या. आतून चढता येईना. बोळीत हाकलल्या तर पहिल्याच वळणाला बुजून परत रोपांत. बाहेर दगडाबाईनं गाव गोळा केलं, "माझी लेकरं कोंडली या बाबानं."

हबीबनं घण उचलला. "कुठं मारू, साब?"

कुठं मारायचं ते बद्रीनाथांना बरोबर ठाऊक होतं. त्या इटालियनालाही म्हातारपणी, शत्रूनं किल्ला घेतल्यावर, आपलाच तट पाडावा लागला होता, अन् ते पान वाचताना हे पोट धरून हसले होते. आता मुकाट्यानं बोट दाखवलं.

पाडलेल्या खिंडारातून शेळ्या बाहेर गेल्या. दोनशेतली साठ रोपं उरली.

"ट्रंक काढू का?" बद्रीनाथांनी विचारलं.

भागूबाई दगडावर टेकल्या. "तुमच्या पुस्तकात तट पाडल्यावर राजानं पुढं काय केलं?"

"ज्यानं किल्ला घेतला त्यालाच किल्लेदार नेमलं."

भागूबाईंनी पदर खोचला. "दगडाबाई, इकडं ये. उद्यापास्नं राखण तुझी. बांधावरलं गवत तुझ्या शेळ्यांना, पर रोपाला तोंड लावायचं नाय."

दगडाबाईनं जरा विचार केला. "व्हय. पर ही भिंत पाडा समदी. राखणारीला पल्याडचं दिसाया नगं का?"

बद्रीनाथ उठले अन् हबीबच्या हातातला घण घेतला. नांदेड टळलं. मोसंबी आता बाजारात जाते, पण त्यांनी पाडलेली ही पहिली भिंत, हे ते चहा पाजणाऱ्यालासुद्धा सांगत नाहीत.