सतरंजीखालून गेलेली वायर

आई शनिवारी घरी येणार होती, म्हणून शुक्रवारी दुपारभर मी अनवाणी, पाय फरफटत घरात फिरत होते. आई तशीच चालायची आता. पलंगापासून संडासापर्यंत सात पावलं, पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा. तिची पावलं लहान पडणार, तेव्हा अकराची सोळा धरायची.

इस्पितळातली डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची होती. कागदावरून मान वर न करताच ती म्हणाली होती, "खुब्याचं काम छान झालंय. फक्त पुन्हा पडू देऊ नका. या वयात दुसऱ्यांदा पडलेलं माणूस उठत नाही." तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. त्या दिवसापासून मला घरात फक्त जमीन दिसत होती.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याला, स्तामेनला, त्याच्या जर्मनीतल्या भावानं वापरलेला होम थिएटर पाठवून दिला. पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा डबा, लोणच्याच्या पिंपाएवढा. तो वाजला की कपाटातल्या वाट्या एकमेकींशी बोलायला लागायच्या. बावीस वर्षं बस चालवून स्तामेनचे कान इंजिनाच्या घरघरीला विटले होते. त्याला पाऊस चारी बाजूंनी पडलेला ऐकायचा होता. मी म्हटलं, "बाल्कनीत जाऊन उभा राहा की." तो नुसता हसला आणि वायरची भेंडोळी सोडायला लागला.

दिवाणखान्यातून पाच सापच निघाले होते.

"एकही दिसणार नाही," स्तामेन म्हणाला. "तू शोधून दाखव."

भिंतीत भोक पाडायचा प्रश्नच नव्हता. आमची इमारत कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती जोडून उभी केलेली. त्या भिंतींतून विजेच्या तारा कुठून कुठे गेल्यात हे ज्यांना माहीत होतं, ते आता कबरस्तानात आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या किरचोनं आजोबांचा फोटो टांगायला भोक पाडलं, तेव्हा अख्खा जिना दोन दिवस अंधारात होता. त्यामुळे स्तामेननं सगळं भिंतीच्या कडेकडेनं नेलं. एक वायर फरशीच्या लाकडी पट्टीमागे, दोन कपाटामागून, एक दाराच्या चौकटीवरून, एक पडद्याच्या मागे. खरंच दिसत नव्हत्या. माणूस निगुतीचा आहे. लग्न केलं तेही त्यामुळेच.

राहिला मोठा डबा. त्याला विजेचा प्लग लागायचा, आणि मोकळा पॉइंट एकच होता, बाहेरच्या दाराशी, चपलांच्या कपाटामागे. तिथून एक एक्स्टेंशन बोळातून दिवाणखान्यापर्यंत न्यायचं होतं. लांबी पुरेना, तेव्हा स्तामेननं दोन वायरी जोडल्या आणि जोडावर काळी टेप गुंडाळली. वर आईनं विणलेली लांब सतरंजी अंथरली. तांबडी, हिरवी, काळी. गावाहून तिनं ती आधीच पाठवून दिली होती, कारण तिच्या मते आमच्या घरात पायाला नुसता प्लास्टिकचा स्पर्श होतो.

मी सतरंजीवरून पाय फरफटत गेले. अंगठ्याला उंचवटा लागला.

"इथे आहे."

"तुझा अंगठा आहे की कस्टमचा कुत्रा?"

"स्तामेन, ती पडली तर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, सतरंजी गुंडाळली आणि वायर जमिनीला रुंद टेपनं अशी चिकटवली की ती फरशीचाच भाग झाली. मी पुन्हा गेले. तीनदा गेले. डोळे मिटून गेले. काही लागलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला आणखी एक वाटी वरणासारखं घट्ट राजम्याचं सूप वाढलं आणि त्या डब्यावर पाऊस ऐकायलाही बसले. चांगला पडत होता.

मला फक्त उंचवटा दिसत होता, हे मला नंतर कळलं.

शनिवारी सकाळी मी शेजारच्या ग्रोझ्दा मावशीकडे गेले. आमच्याकडे कुणी नव्या कामाला निघालं, परीक्षेला निघालं, नव्या घरात पाऊल टाकलं, की उंबऱ्यावर पाणी ओततात. पुढचं सगळं पाण्यासारखं वाहतं राहावं म्हणून. पाणी ओतलं की माणसानं थांबायचं नाही आणि मागे वळायचं नाही. म्हटलं, "मावशी, आई बाराला येतेय. तेवढं पाणी घालशील ना? तुझा हात चांगला आहे."

"तू न सांगताच घालणार होते," ती म्हणाली. "ओव्हनमध्ये चीजची, पापुद्र्यांची बानित्साही टाकते. इस्पितळात काय खायला देतात, देव जाणे."

बाराला आम्ही लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर आलो. आईनं ॲल्युमिनियमचा वॉकर घट्ट धरलेला, मी तिच्या मागे, हात तिच्या पाठीपासून बोटभर लांब. स्तामेन खाली गाडीतून तिच्या पिशव्या काढत होता. आमचं दार मावशीनं तिच्याकडच्या किल्लीनं आधीच उघडून ठेवलं होतं. ती आत, उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती, डोक्याला स्वच्छ रुमाल, हातात तांब्याचा घडा, घड्यात जिरेनियमची डहाळी. लोक अशा वेळी ओंजळभर पाणी शिंपडतात. ग्रोझ्दा मावशीनं आयुष्यात काहीच ओंजळभर केलेलं नाही.

"ये गं त्सोना," ती आईला म्हणाली. "पाण्यासारखं होवो सगळं." आणि घडा उपडा केला.

आमच्या दाराची फरशी आतल्या बाजूला उतरती आहे. निम्मं पाणी बाहेर आलं, निम्मं आत वळलं. सतरंजीच्या टोकाचा तांबडा पट्टा आधी भिजून काळा झाला, मग शेजारचा हिरवाही.

त्या क्षणी मला ती काळी टेप दिसली. सतरंजीखालची, न दिसणारी. उंबऱ्यापासून दीड हातावर.

"आई, थांब."

"का?"

"थांब म्हणते ना."

"पाणी ओतल्यावर थांबत नाहीत," आई म्हणाली आणि वॉकर पुढे टाकला. त्याचे पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या आत टेकले.

"नेवेना, अपशकुन करू नकोस," मावशी मला म्हणाली.

पॉइंट आत, चपलांच्या कपाटामागे. दारात आई, वॉकर आणि मावशी. मावशी एकटीही दार भरून टाकते. आईला मागे ओढावं तर ती पडणार. ढकलावं तर तारेवर जाणार. आणि काय सांगणार, की तुझ्या सतरंजीखाली वीज आहे आणि तिला आम्हीच पाणी घातलंय?

मी वळले. जिन्याच्या भिंतीवर मजल्यावरच्या मीटरांची पेटी आहे. तिचं कुलूप कधीच मोडलेलं. आत चार घरांचे खटके, खालची नावं पुसून गेलेली. आमचे कुठले ते मला बावीस वर्षांत कळलेलं नव्हतं, स्तामेन बघायचा. मी दोन्ही हातांनी सगळे खाली पाडले. खट खट खट. मागून वॉकरचा आवाज आला आणि आईच्या चपलेचा ओला फरफटा. मी वळून बघायचं धाडस केलं, तेव्हा आई सतरंजीच्या मध्यावर उभी होती. उभी होती.

"झालं," ती म्हणाली. "आता दम खाऊ का?"

समोरच्या घरातली वॉशिंग मशीनची घरघर थांबली होती आणि तिथली शेजारीण डोकं बाहेर काढत म्हणाली, "माझा शेवटचा पिळा होता हो." ग्रोझ्दा मावशीनं नाक वर करून वास घेतला. "नेवेना, माझी बानित्सा. वरचा पापुद्रा आत्ता धरत होता."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मावशीला काय ते सांगितलं, तर ती घड्याकडे बघत राहिली आणि मग खाली वाकून सतरंजीचं टोक उचललं. टेप भिजून सुटली होती. आतला तांब्याचा रंग घड्यासारखाच लखलखत होता. मावशीनं छातीवर क्रूस काढला आणि सतरंजी परत हळूच खाली ठेवली, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तशी.

स्तामेन पिशव्या घेऊन लिफ्टमधून बाहेर आला. त्यानं उघडी पेटी बघितली, ओली सतरंजी बघितली, माझं तोंड बघितलं. तो तडक आत गेला आणि त्यानं प्लग उपटला. मग चपलांच्या कपाटावर बसला, हातात प्लग धरून. माझ्या मनात त्याच्यासाठी बरीच वाक्यं तयार होती. त्याचे कान लाल झालेले बघून मी ती गिळली. पाणी तर मीच सांगितलं होतं.

"कुणी मला सांगेल का, काय झालंय?" आई खुर्चीतून म्हणाली.

स्तामेननंच सांगितलं. जोड, टेप, सगळं. आईनं शांतपणे ऐकलं.

"एवढं कशासाठी?"

"आवाज चारी बाजूंनी यावा म्हणून."

"माझा तर डावा कान गेलाय," आई म्हणाली. "मला दोनच बाजूंनी दे. आणि जावईबापू, माझ्यापासून काही लपवायचं असेल तर ते उंचावर ठेवत जा. वर बघायला माझी मान आता वळत नाही."

संध्याकाळपर्यंत वायरी निघाल्या. डबा बाल्कनीत गेला. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर राहिले, त्यांच्या वायरी भिंतीवरून उघड्या, सरळ वर. कुरूप दिसत होत्या. मला फार आवडल्या. सतरंजी कठड्यावर निथळत होती आणि बोळ नागडा, कोरडा, दिव्याखाली चकाकत होता.

मावशीची बानित्सा दुसऱ्यांदा भाजून आली, एका बाजूनं करपलेली. ती स्वयंपाकघरात मांडून मी आईला आणायला गेले. ती स्वतःच उठली होती.

वॉकर टक, मग चप्पल. टक, मग चप्पल. मी मागे, दोन्ही हात पसरून, तिच्या पावलात पाऊल घालत. कुठे ओल राहिली असेल का. चपलेचा तळ गुळगुळीत आहे का. फरशीची ती एक कड.

पाचव्या पावलाला आई थांबली.

"मागून कोण येतंय?"

"मीच."

"मग येऊ नकोस. तुझ्याच पायात माझा पाय अडकेल."

"आई, डॉक्टरीण म्हणाली—"

"ती मलाही म्हणाली. खुबा माझा आहे ना? तू इथेच उभी राहा."

मी उभी राहिले. हात तसेच पसरलेले, मग ते कुठे ठेवावेत कळेना म्हणून ॲप्रनच्या खिशात घातले. आई कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली. आता फक्त आवाज. टक, चप्पल. टक, चप्पल. मग बराच वेळ काहीच नाही. दिवाणखान्यातून स्तामेन दारात येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

मग खुर्ची करकरली.

"करपलेला तुकडा मी घेतेय," आई आतून म्हणाली. "तुम्ही येताय की एकटीच खाऊ?"