कललेल्या होडीतला चहा

मासेमारी सोडल्यावरही बाबा रोज होडीवर जायचे. माहुलच्या खाडीत नांगरलेली होडी, डोक्यावर ताडपत्री, आणि दिवसभर काम काहीच नाही. संध्याकाळी मात्र कांदिवलीला लेकीला, विनिताला, फोन यायचा आणि त्यात तक्रारींशिवाय दुसरं काही नसायचं. ओहोटीला होडी चिखलात बसली की डावीकडेच कलते आणि चहा सांडतो. कावळा बिस्किटं पळवतो. फ्लेमिंगो ऐन झोपेच्या वेळी कालवा करतात, आणि ते बघायला बोटीतून येणाऱ्या लोकांच्या फोटोत बाबा बनियनवर येतात.

"मग घरी झोपा ना," विनिता मुलांच्या वह्या तपासता तपासता म्हणायची.

"घरी काय आहे? जमीन हलतच नाही."

बाबा गेल्याला दोन महिने झाले होते. ट्रॉम्ब्याच्या जयवंतकाकांना मुलाच्या, सुशांतच्या, होडीसाठी बाबांचं इंजिन हवं होतं. लाकूड जुनं, ते मोडून टाकू, म्हणाले. विनिताची हो म्हणायला जीभ उचलत नव्हती आणि नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. आधी बघून तर घ्या, एवढंच ती म्हणाली.

रविवारी साडेदहाला दोघं लहान होडक्यातून होडीवर पोचली. काका इंजिनात डोकं घालून बसले. तासाभराने त्यांनी मान वर काढली तेव्हा पाणी निघून गेलं होतं. होडी आणि होडकं, दोन्ही चिखलात.

"आज तिथी कोणती गं?"

"माहीत नाही."

काकांनी बोटांवर मोजलं. "एकादशी. म्हणजे भरती नऊलाच संपली, ओहोटी लागली. आता सहाशिवाय सुटका नाही. रामचंद्राची पोर तू, मला वाटलं तिथी बघूनच बोलावलंस."

"मला वाटलं तुम्ही बघाल. मी फक्त शाळेची सुट्टी बघितली."

"कोणाला सांगू नकोस. कोळीवाड्यात तोंड दाखवता येणार नाही."

होडी हळूहळू डावीकडे कलली. चहा करू म्हणून विनिता पुढे सरकली आणि थांबली. स्टोव्ह कुठे टेकवलेलाच नव्हता. चार तारांनी तो वरच्या वाशाला टांगला होता. होडी कलली तरी तो सरळच. बिनदुधाचा चहा उकळला, एक थेंब सांडला नाही.

मग एकेक दिसत गेलं. झोपायच्या फळीच्या डाव्या टोकाखाली बरोबर बेताचा ठोकळा होता, म्हणजे कललेल्या होडीत माणूस सपाट झोपणार. काठाला करवंटी बांधली होती, तिच्यात बिस्किटाचा चुरा चिकटलेला. कावळा आला, करवंटीजवळ बसला आणि उशीर झाल्यासारखा विनिताकडे बघत राहिला. तिने अर्धं बिस्किट टाकलं.

खिळ्याला एक पांढरा सदरा होता. इस्त्री केलेला.

"हा कशाला इथे?" काकांनी विचारलं.

"फोटोसाठी," विनिता म्हणाली.

तक्रारी तिला रोज कळत होत्या. इलाज एकही कळला नव्हता. इलाज सांगितला असता तर फोन दोन मिनिटांत संपला असता.

जेवण नव्हतं. काका फळीवर आडवे झाले आणि घोरू लागले. तीनला उठले ते कुरकुरतच. "काय कलकलाट गं ह्या पक्ष्यांचा. ऊन थेट तोंडावर येतं, ताडपत्री हातभर पुढे हवी. आणि साखर कमी टाकलीस तू."

विनिता ऐकत राहिली.

सहाला पाणी आलं. होडी उचलली, सरळ झाली.

"काका, इंजिन सुटं नाही द्यायचं," ती म्हणाली. "न्यायची तर अख्खी होडी न्या."

काकांनी इंजिनाकडे पाहिलं, मग टांगलेल्या स्टोव्हकडे. "तेच म्हणतो. इंजिन काढलं तर मागची बाजू हलकी होणार, ही तोंडावर कलणार. मग फळी, ठोकळा, सगळ्याची वाट लागली. सुशांत बघेल दुसरं इंजिन. ही राहू दे इथेच. मी येत जाईन."

मंगळवारी संध्याकाळी विनिता वह्या तपासत असताना फोन वाजला.

"तुझ्या बापाने त्या कावळ्याला काय सवय लावून ठेवलीय, माहीत आहे तुला?"

तिने वह्या मिटून बाजूला ठेवल्या.

"नाही," ती म्हणाली. "सांगा ना. सावकाश सांगा."