नारिंगी सूर्याखाली

बुधा ठाकराने ओल्या अंगठ्याने रेकॉर्डच्या कव्हरवरचा नारिंगी सूर्य घासायला घेतला, तसा महिपती चपापला.

"आबा, तो रंग निघायचा नाही. छापलेला आहे."

"खाली पोरीचं त्वांड आसंल की!"

महिपती इंदुरी गावचा. मुंबईत चित्रकला शिकून तिथेच जाहिरातींची कामं करायचा. त्र्याहत्तर साली रॉक वाजवणाऱ्या चार मुलांनी आपल्या पहिल्या रेकॉर्डचं कव्हर त्याच्यावर सोपवलं, तेव्हा तो लोणावळ्याच्या वरच्या ठाकरवाडीत आला होता. बुधाच्या लेकीला, बायाला, त्याने कड्यावर उभं केलं, केस मोकळे सोडायला लावले. मग फोटोतल्या चेहऱ्यावर भला मोठा सूर्य रंगवला. कव्हरचं फार कौतुक झालं. त्याच आनंदात एक रेकॉर्ड घेऊन तो आज वाडीवर आला, आणि दारातच कळलं की भातलावणीत साप चावून बाया गेली.

"आमच्यापाशी तिचा दुसरा फोटू न्हाई, भाऊ," बुधा म्हणाला. "तुमी काढल्याला त्योच. म्हनून सावित्रा रोज वाट बगतीया."

आत चुलीपाशी बसलेल्या बायाच्या आईने, सावित्राबाईने, मान वर केली नाही.

"मूळ फोटो आहे माझ्याकडे. आणून देतो," महिपती कसंबसं म्हणाला.

मुंबईला परतल्यावर त्याने निगेटिव्ह शोधून काढली आणि अंधाऱ्या खोलीत कागदावर छापायला घेतली. ट्रेमधल्या द्रावणात चेहरा हळूहळू उमटला आणि सूर्य का रंगवला होता, ते त्याला आठवलं. नेमका तेव्हाच वारा सुटला होता आणि बायाने डोळे मिटले होते.

हा फोटो त्या माणसांच्या हातात कसा द्यायचा? त्याने बारीक ब्रश घेतला, कागदाशी नेला आणि तसाच धरून बसला. बायाचे डोळे कसे होते, काही केल्या आठवेना. त्या दुपारी त्याचं सगळं लक्ष उजेडाकडे होतं.

शेवटी फोटो तसाच घेऊन तो वाडीवर गेला. काय सांगायचं ते वाटेत पुन्हापुन्हा जुळवलं होतं, पण बुधासमोर त्याने फोटो नुसता पुढे केला.

बुधाने तो दोन्ही तळहातांवर घेतला, बराच वेळ पाहिला. महिपती बोलायला गेला, तर बुधाने मानेनेच त्याला गप्प केलं. मग आत वळून अगदी दबक्या आवाजात म्हणाला,

"सावित्रे, हळू ये. पोर निजलीया."