भुणभुणी गप्प झाली तेव्हा

पाळणाघर चालवणाऱ्या बाईनं सारखं बोललंच पाहिजे, हा नियम ज्यानं काढला त्यानं सात पोरांबरोबर एक अख्खा दिवस काढलेला नसणार. मावशीचं मत असं होतं आणि ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. मुळात ती कुणाला फारसं काही सांगायचीच नाही.

मावशी म्हणजे सगळ्यांचीच मावशी. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढचं अंगण, एवढ्यात तिनं अकरा वर्षं पाळणाघर चालवलं होतं. दोन वर्षांपूर्वी घरगुती पाळणाघरांना तारे द्यायची पद्धत निघाली. तपासणीवाल्या बाई यायच्या, आधी घर सुरक्षित आहे का ते बघायच्या, मग कोपऱ्यात बसून दोन तास मुलं कशी सांभाळली जातात ते टिपून घ्यायच्या आणि एक ते पाच तारे द्यायच्या. गेल्या वर्षी मावशीला दोनच मिळाले. सुरक्षेत बोट ठेवायला जागा नव्हती. घोडं अडलं ते पुढे. शेरा होता, ‘सांभाळणाऱ्या व्यक्तीचा मुलांशी संवाद अपुरा.’ लागोपाठ दुसऱ्यांदा दोन तारे पडले की नोंदणी रद्द. म्हणजे पाळणाघर बंद आणि सात पोरं सात दिशांना.

‘‘तोंडात मूग गिळून बसतेस, दुसरं काय होणार?’’ थोरली जाऊ म्हणाली. ती वरच्या मजल्यावर राहायची आणि तिच्या तोंडाची टकळी झोपेतसुद्धा चालू असते अशी खुद्द तिच्या नवऱ्याची तक्रार होती. ‘‘अगं, सतत बोलायचं. हे बघा लाल, हे बघा निळं. आता आपण हात धुतोय, आता आपण हात पुसतोय.’’

‘‘त्यांना दिसतंय की ते. सांगायचं कशाला, जाऊबाई?’’

‘‘ताऱ्यांसाठी.’’

आठवडाभर जाऊबाईंनी तिची शिकवणी घेतली. मावशी सरावासाठी घासायच्या भांड्यांशी बोलू लागली. भांडी निदान हसत तरी नव्हती.

तपासणीला आल्या त्या गेल्या वर्षीच्याच बाई. बाईंनी गॅसची नळी बोटानं चाचपली, नळाच्या गरम पाण्यात थर्मामीटर बुडवला, औषधांच्या कपाटाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं, प्रथमोपचाराच्या पेटीतल्या मलमावरची तारीख चष्मा कपाळावर चढवून वाचली. प्लगांना झाकणं होती, जिन्याला फाटक होतं. बाई प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करत गेल्या.

दाराशी, मोठ्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, एक खुंटी होती. आलेल्या माणसानं आपली पर्स, पिशवी तिथं टांगायची हा मावशीचा नियम. बाई बसायला निघाल्या तशी मावशीनं खुंटीकडे बोट दाखवलं.

‘‘पर्स तिथं टांगा.’’

‘‘राहू द्या, माझे फॉर्म आहेत यात,’’ बाई म्हणाल्या आणि पर्स खुर्चीच्या पायाशी ठेवून कोपऱ्यात बसल्या.

एरवी मावशीनं ती त्यांच्या हातातून काढून स्वतः टांगली असती. मुलांच्या आयांचीही ती गय करत नसे. पण आज तिनं हात आवरला. तारे देणाऱ्या बाईला नियम कोण शिकवणार?

मग मावशीनं एक मोठा श्वास घेतला, चटईवर बसकण मारली आणि सुरू झाली.

‘‘हे बघा, हा लाल ठोकळा. किती लाल आहे ना हा? आता मी त्याच्यावर निळा ठेवते. ठेवला. आता निळा वर आहे आणि लाल खाली आहे. आता हिरवा कुठे गेला बरं?’’

सातही पोरं हातातलं टाकून तिच्याकडे बघत राहिली. त्यांच्यात एक चार वर्षांची, दोन शेंड्यांची मुलगी होती. तिला सगळ्यातच हरकत घ्यायची सवय म्हणून तिचं नाव पडलं होतं वकीलबाई. ती उठली, मावशीजवळ आली आणि तिच्या कपाळाला हात लावून उभी राहिली.

‘‘मावशी, तुला ताप आलाय.’’

‘‘नाही गं, राणी. मी गप्पा मारतेय तुमच्याशी.’’

‘‘माझे आजोबा पण ताप आला की असंच बोलतात.’’ तिनं बाकीच्यांकडे वळून निकाल दिला. ‘‘हिला झोपवा.’’

दोघांनी ओढत ओढत झोपायची गादी आणली. एकानं उशी आणली. मावशी आजारी म्हटल्यावर आवाज करायचा नाही हे पोरांना सांगावं लागलं नाही. सगळी एकदम कुजबुजायला लागली. कोपऱ्यात बाईंचं पेन चाललेलं मावशीला ऐकू येत होतं आणि ते काय लिहीत असणार हेही कळत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घाबरून ती आणखी जोरात बोलू लागली.

‘‘तर हा हिरवा. हिरवा म्हणजे पानांसारखा. आणि पानं कुठे असतात? तर पानं—’’

तिथंच ती थांबली.

काहीतरी कमी होतं खोलीत. मावशीनं कानात प्राण आणले. सातांतली सगळ्यात लहान मुलगी दीड वर्षाची होती. तिला अजून शब्द फुटले नव्हते, पण दिवसभर ती तोंडातल्या तोंडात भुणभुणायची. खाताना, खेळताना, पेंगतानासुद्धा. म्हणून ती भुणभुणी. अकरा वर्षांत मावशी मुलांकडे डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त लक्ष ठेवायला शिकली होती, आणि आज बडबड सुरू केल्यापासून तिचा कान मुलांकडे नव्हताच. भुणभुण थांबली होती. कधी थांबली कोण जाणे.

ती वळली. भुणभुणी तपासणीवाल्या बाईंच्या खुर्चीमागे फतकल मारून बसली होती. पर्सची चेन उघडी होती. तिच्या हातात गोळ्यांची चंदेरी पट्टी होती आणि पट्टीचं एक टोक ओठांपर्यंत पोचलं होतं.

मावशी ओरडली नाही. ओरडलं की मूल दचकतं, आणि दचकलं की हातातलं तोंडात जातं. चार ढांगांत खोली ओलांडून ती भुणभुणीसमोर जमिनीवर बसली आणि तळहात पुढे केला.

तेवढ्यात बाईंनी मागे वळून पाहिलं. किंचाळायला त्यांचं तोंड उघडलं होतं. मावशीनं त्यांच्याकडे न बघता दुसरा हात वर केला, थांबा म्हणून. आयुष्यभर दुसऱ्यांना थांबवत आलेल्या बाई थांबल्या.

भुणभुणीनं पट्टीकडे पाहिलं. मग मावशीच्या तळहाताकडे. मावशी हलली नाही, बोलली नाही, हसलीसुद्धा नाही, नुसती वाट बघत राहिली. हा त्यांचा दिवसातून चाळीस वेळा चालणारा व्यवहार होता. सापडलेली वस्तू मावशीच्या हातावर ठेवायची, मग मावशी ती नीट निरखून बघते. खडा असो, बटण असो, मेलेली मुंगी असो. आणि भुणभुणीनं पट्टी तिच्या हातावर ठेवली.

मावशीनं ती निरखून पाहिली, मान डोलावली आणि वर बाईंच्या हातात दिली.

‘‘किती होत्या?’’

‘‘दहा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘काल एक घेतली. आज सकाळी एक.’’

दोघींनी मोजल्या. आठ. एकही फुटलेली नव्हती. तरी मावशीनं भुणभुणीच्या तोंडात बोट फिरवून घेतलं आणि त्याला एक जोरदार चावा बसला. त्यानंतर भुणभुण पुन्हा सुरू झाली तेव्हा कुठे मावशीच्या जिवात जीव आला.

‘‘माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत,’’ बाई पुटपुटल्या. घरभरचे धोके शोधून झाले होते आणि दिव्याखालीच अंधार निघाला होता.

‘‘चूक माझी,’’ मावशी म्हणाली. ‘‘पर्सचं मी दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं.’’ संपलं, असं तिला वाटत होतं. तपासणीच्या दिवशी मुलाच्या हातात औषध सापडलं म्हटल्यावर दोन तारेसुद्धा नशीब.

बाईंनी पट्टी पर्समध्ये टाकून चेन लावली. ‘‘तुमची पाठ होती इकडे. मी तर शेजारी बसले होते. तुम्हाला कळलं कसं?’’

‘‘ती गप्प झाली ना.’’

वकीलबाई एव्हाना तिथं येऊन पोचली होती. ‘‘तुझी पर्स वर टांग,’’ ती बाईंना म्हणाली. ‘‘नियम आहे.’’

बाई निमूट उठल्या आणि पर्स टांगून आल्या. मग फॉर्म मांडीवर घेऊन म्हणाल्या, ‘‘अजून दीड तास आहे. तुम्ही रोज करता तसंच करा.’’

मावशी चटईवर बसली आणि गप्प झाली. तिचा ताप उतरला हे पोरांच्या ताबडतोब लक्षात आलं. खोलीत पुन्हा कलकलाट झाला. तीन वर्षांचा एकजण तिच्या मांडीवर रेलून त्याचा बूट बादलीत कसा गेला ते सांगायला लागला. तो अडला की मावशी ‘‘मग?’’ म्हणायची आणि थांबायची. तो विचार करायचा, शब्द शोधून आणायचा, पुढे जायचा. त्या बुटाची गोष्ट दहा मिनिटं चालली. बाईंनी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या.

निकालाचं पत्र पंधरा दिवसांनी दुपारी आलं. जाऊबाईंनी ते मावशीच्या हातातून घेऊन फोडलं आणि मोठ्यानं वाचलं.

‘‘सुरक्षा, पूर्ण गुण. घडलेला धोका, मुलाच्या हाती औषधाची पट्टी. कारण, सांगूनही निरीक्षकाने पर्स खुंटीला टांगली नाही.’’ जाऊबाईंचा आवाज चढत गेला. ‘‘संवाद. गेल्या वर्षी मी या बाई किती बोलतात ते मोजलं. मुलं किती बोलतात आणि बाई किती ऐकतात हे मोजायला हवं होतं. गेल्या वर्षीचा माझा शेरा चुकीचा होता. एकूण तारे, चार. एक कापला आहे. पाहुणा कुणीही असो, नियम दुसऱ्यांदा सांगावा.’’

‘‘बरोबर कापला,’’ मावशी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. पाळणाघर राहणार होतं. आपण जन्मभर करत आलो ते चूक नव्हतं, हे आता कागदावर होतं आणि त्याखाली सही होती. तिला इतका आनंद झाला की बसवेना. पत्र हातात घेऊन ती खोलीभर फिरली.

सहाला मुलांना न्यायला आलेले आईबाप पत्र आल्याचं ऐकून अंगणात जमले. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. कुणाला विचारायचा धीर होईना. जाऊबाईंनी पदर खोचला. ‘‘तर अहो, ऐका सगळ्यांनी, झालं असं की—’’

मावशीनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. ‘‘जाऊबाई, हे मी सांगणार.’’

जाऊबाईंचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग चक्क मिटलं. आईबाप एकमेकांकडे बघायला लागले. अकरा वर्षांत मावशीच्या तोंडून ‘जेवला’, ‘झोपली’, ‘उद्या टोपी द्या’ यापलीकडे कुणी काही ऐकलं नव्हतं. भुणभुणीला कडेवर घेऊन मावशीनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. घासायच्या भांड्यांपासून, ठोकळ्यांपासून, तापापासून. गोष्ट गोळ्यांपाशी आली तेव्हा भुणभुणीची आई भिंतीला टेकली, आणि वकीलबाईचा बाप इतका हसला की त्याला ठसका लागला. अर्धा तास झाला तरी घरी जायचं कुणाच्या मनात नव्हतं.

‘‘चार तारे,’’ शेवटी मावशी म्हणाली. मग समोरच्या इमारतीतल्या खिडक्यांनाही ऐकू जावं म्हणून तिनं ते आणखी एकदा, चांगलं मोठ्यानं सांगितलं.