पाऊण तासाचं बोलणं

बबडीचे बाबा चष्मे करायचे, पण लोक त्यांच्याकडे चष्म्यापेक्षा बोलायलाच जास्त यायचे. नंबर काढायला दहा मिनिटं पुरतात. बाबांच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक तासाने बाहेर पडायचं, आणि तेही घरून कुणाचा तरी फोन आला म्हणून. समोरच्या माणसाच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवून बाबा एकेक भिंग आत सरकवायचे आणि विचारायचे, "आता बरं दिसतंय की मघाशी?" दोन भिंगांच्या मधे गिऱ्हाइकाच्या मुलांची, सासूची, गुडघ्यांची चौकशी होऊन जायची. आई म्हणायची, "तुमच्या तोंडाला कुलूप लावलं ना, तर दिवसाला दुप्पट चष्मे होतील." ती हे वाक्य गेली वीसेक वर्षं म्हणत होती. पुढे ते आठवलं की ती स्वतःचेच कान धरायची.

बबडी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. वय एकवीस, पण घरात अजून बबडीच. जाहिरात आणि चित्रणाच्या अभ्यासक्रमाचं तिचं शेवटचं वर्ष होतं. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने तीस सेकंदांची एक जाहिरात करायची होती. कल्पना, चित्रण, संकलन सगळं ज्याचं त्याने करायचं. वर्गातल्या कुणी अत्तर घेतलं, कुणी मोटरसायकल घेतली. बबडीने चष्म्याचं दुकान घेतलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "घरचंच गिऱ्हाईक!" तिने मनावर घेतलं नाही. तिला नक्की काय दाखवायचं ते माहीत होतं. बरोबर भिंग बसतं त्या क्षणी माणसाच्या कपाळावरची आठी आपोआप सुटते. ती सुटताना तिने लहानपणापासून दुकानातल्या स्टुलावर बसून बघितली होती.

तिने कागदावर चौदा चौकोन आखले आणि प्रत्येकात एकेक दृश्य काढलं. बाबांनी कागद उलटासुलटा करून बघितला.

"हा टकल्या कोण?"

"तुम्ही आहात, बाबा."

"मग जरा केस काढ की चार. जाहिरात आहे ना? जाहिरातीत खोटं चालतं."

एका सुट्टीच्या दिवशी दुकान बंद ठेवून चित्रण झालं. शेजारपाजारचे तिघं गिऱ्हाईक म्हणून बसले. तिघांच्याही कपाळावरच्या आठ्या अगदी वेळेवर सुटल्या. मग बबडीने बाबांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, कॉलरला माईक अडकवला आणि म्हणाली, "आता काहीही बोला. मला दोनच वाक्यं हवी आहेत, पण ती कुठली ते मला अजून माहीत नाही. नको असेल ते मी नंतर कापेन."

असं सांगायचं ते कुणाला! बाबा पाऊण तास बोलले. महिना-दीड महिना त्यांचा घसा बसलेला होता, आवाज खरखरत होता. मधे मधे ते गरम पाण्याचा घोट घ्यायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. शेवटी म्हणाले, "एवढं सगळं राहील का गं त्यात?"

"राहील की," बबडी म्हणाली. तेव्हा ते खरंच होतं.

संस्थेच्या लॅबमध्ये दहा दिवस तिने ते पुढेमागे करून ऐकलं. संकलन म्हणजे दुसरं काय, तेच ते ऐकायचं आणि कुठे कात्री लावायची ते ठरवायचं. पाऊण तासातून तिने अकरा सेकंदांचं बोलणं काढलं, ते तीन चेहऱ्यांवर बसवलं आणि संकलन शिकवणाऱ्या सरांना दाखवलं. सर माणूस सरळ, पण बोलणं तिखट. त्यांनी दोनदा बघितलं.

"चेहरे सोन्यासारखे आहेत. आवाज काढून टाक."

"सर, ते माझे वडील..."

"असतील. बघणाऱ्याला काय माहीत? त्याला वाटणार, हा माणूस आजारी आहे. आजारी माणसाकडे कोण डोळे तपासायला जाईल?"

बबडीला राग आला आणि पटलंही. वर्गात एकजण होता, त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. पाणी मागितलं तरी बातम्या सांगतोय असं वाटावं असा आवाज. त्याच्याकडून तिने बाबांची ती दोन वाक्यं म्हणवून घेतली. चार वेळा म्हटली आणि काम फत्ते. जाहिरात एकदम गुळगुळीत झाली.

संध्याकाळी घरी तिने सरांची नक्कल करून दाखवली. "म्हणे, हा माणूस आजारी आहे!" बाबा हसले, हसता हसता खोकले. आई मात्र हसली नाही. तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "किती दिवस झाले हो तुमच्या घशाला?"

परक्या कानाला जे एका ऐकण्यात कळलं, ते घरातल्या दोघींना दीड-दोन महिने रोज ऐकून कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आई बाबांना जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली. मग दुसरा डॉक्टर, मग तपासण्या. गाठ स्वरयंत्रावर होती. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं, आणि लवकर. माणूस वाचेल, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. पुढे सरावाने किंवा यंत्राने थोडंफार बोलता येईल, पण हा आवाज परत येणार नाही, हे ते एकदाच म्हणाले, तेही टेबलाकडे बघत.

भरती व्हायच्या आदल्या दुपारी आईने आपला फोन बाबांसमोर धरला. "काहीतरी बोला ना. असू दे आपल्याजवळ."

बाबांनी हाताने फोन बाजूला केला. "मयत उचलण्याआधी फोटो काढतात तसलं काही करू नकोस. बबडीसाठी पाऊण तास घसा खरवडलाय मी. आहे ना गं तुझ्याकडे?"

"आहे, बाबा. पेनड्राइव्हवर घेतलंय सगळं."

जाहिरात जमा करायच्या दिवशीच तिने सगळं काम पेनड्राइव्हवर घेतलं होतं. आईने फोन खाली ठेवला. बबडीला हायसं वाटलं. फोन धरायची वेळ तिच्यावर आली असती तर तिला रडू आवरलं नसतं, आणि बाबांना ते दिसलं असतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला त्या क्षणी वाटलं. हे ती स्वतःला कधीच माफ करणार नव्हती.

शस्त्रक्रिया नीट झाली. गळ्याला खाली एक भोक, त्यातून श्वास. नाकातून नळी, तिच्यातून जेवण. बाबांच्या उशाशी एक वही आणि पेन्सिल आली. आयुष्यभर ज्या माणसाचा एक शब्द दुसऱ्याच्या पायात अडखळायचा, तो आता 'पाणी', 'उशी', 'पंखा' असं लिहायचा. सोळाव्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मोठं वाक्य लिहिलं : 'माझी बडबड ऐकव. आईला पण ऐकू दे.'

बबडीने मैत्रिणीचा संगणक मागून आणला. पेनड्राइव्ह लावला, काम उघडलं. पडद्यावर तिने दहा दिवस खपून केलेले तुकडे ओळीने मांडलेले दिसले. कुठला किती सेकंदांचा, कुठे सुरू, कुठे बंद, सगळं जिथल्या तिथे. फक्त प्रत्येक तुकडा लाल होता आणि प्रत्येकावर एकच वाक्य होतं : मूळ फाइल सापडत नाही.

संकलनाच्या फाइलमध्ये चित्रण नसतंच, त्यात असते फक्त यादी, कुठला तुकडा कुठून उचलायचा याची. चित्रण असतं लॅबच्या मोठ्या डिस्कवर. पहिल्याच वर्षी, पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. आणि ती कॉपी दोन सेकंदांत झाली होती. पाऊण तासाचं चित्रण दोन सेकंदांत कॉपी होत नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण त्या दिवशी बाबांची दुसरी तपासणी होती, आई खाली रिक्षात थांबली होती, आणि तिने पेनड्राइव्ह ओढून पर्समध्ये टाकला होता.

"चार्जर विसरले," असं काहीतरी सांगून ती तशीच संस्थेत गेली. लॅबवाले काका टेबलं पुसत होते. त्यांनी ऐकून घेतलं, फडकं खाली ठेवलं.

"सत्र संपलं की डिस्क कोऱ्या करतो गं आम्ही. पंधरा दिवस दारावर कागद लावला होता मी. तू दिसलीच नाहीस."

"दवाखान्यात होते, काका."

"काय होतं त्यात?"

"बाबा बोलत होते."

काकांना पुढचं विचारायची गरज पडली नाही. त्यांनी तिच्यासमोर सगळी कपाटं उघडून बघितली, एक जुनी डिस्कसुद्धा जोडून बघितली. कॅमेऱ्याच्या कार्डावर तर त्यानंतर दोघातिघांनी चित्रण केलं होतं. तिच्या हातात पत्ता होता, पण घर पाडून झालं होतं.

घरी ती आली तेव्हा दोघं वाट बघत बसले होते. आईने बाबांच्या पाठीला दोन उशा लावल्या होत्या. स्वतः पदर सावरून शेजारी बसली होती. आता सांगायचं कसं? बबडीने वेळकाढूपणा केला. म्हणाली, "आधी जाहिरात तर बघा, ती कुठे बघितलीय तुम्ही!" आणि पेनड्राइव्हवर वेगळी, तयार करून ठेवलेली ती तीस सेकंदांची जाहिरात लावली.

पहिला चेहरा, आठी, भिंग. दुसरा चेहरा. मग बाबांचे हात, बाबांचा हसरा चेहरा, थोडं टक्कल, आणि वर तो खणखणीत गोड आवाज. बाबांनी ती पूर्ण बघितली. मग वही ओढली आणि लिहिलं : 'छान. आवाज कोणाचा?'

बबडी रडायला लागली. रडत रडतच तिने सगळं सांगितलं. सर, रेडिओ, पेनड्राइव्ह, लॅब. तिने काहीही लपवलं नाही. आईचा हात तोंडावर गेला. थोड्या वेळाने ती उठली, आपला फोन घेऊन आली आणि जुने व्हिडिओ एकेक करून बघायला लागली. पण घरात फोन धरायचे नेहमी बाबाच. सगळ्या व्हिडिओंत आई होती, बबडी होती, पाहुणे होते. फक्त एका ठिकाणी कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज आला, "सरका जरा, सरका." आईने ते तीनदा लावलं. चौथ्यांदा लावता लावता फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

बाबांनी लिहिलं, 'जाऊ दे. तसंही फार बोलायचो.' आणि बबडीच्या डोक्यावर थोपटलं. त्या थोपटण्याने तिला जास्तच तुटल्यासारखं झालं. तिने डोळे पुसले, पाय वर घेऊन बसली आणि बोलायला लागली.

"'मी पहिला चष्मा केला तो माझ्या मास्तरांसाठी. मी अकरा वर्षांचा होतो. त्यांच्या चष्म्याची काडी मीच मोडली होती, म्हणून मीच जोडली. तारेने. तो चष्मा त्यांनी चार वर्षं वापरला. चार वर्षं मला त्यांच्या कानामागे ती तार दिसायची.' इथे तुम्ही पाणी प्यायलात."

बाबा तिच्याकडे बघायला लागले. तिला सगळं पाठ होतं. दहा दिवस कानात तेच होतं. बाबा कुठे थांबले, कुठे 'म्हणजे बघ' म्हणाले, कुठे खाकरले, सगळं तिने त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच क्रमाने सांगितलं. एक आजी आपल्या नातवाचा चेहरा पहिल्यांदा स्पष्ट बघून म्हणाली होती, 'अगंबाई, हा तर काळा आहे!' ते आलं. कुणाचा तरी चष्मा गाढव चावून गेलं होतं, ते आलं. बाबांचे ओठ तिच्याबरोबर हलायला लागले. आई हसत होती, डोळे पुसत होती. अर्धा तास गेला असेल. आणि मग बबडी थांबली.

"पुढे?" आई म्हणाली. "मी डबा घेऊन आले तेव्हा कॅमेरा चालू होता ना?"

"होता."

"आल्या आल्या हे मला काहीतरी म्हणाले. मी केवढी हसले तेव्हा! शब्द काही केल्या आठवत नाहीत बघ, हसलेलं तेवढं आठवतंय. काय म्हणाले गं?"

लॅबमध्ये ऐकताना, पडद्यावर आई दारातून आली की बबडी दर वेळी तिथेच थांबवायची. जाहिरातीच्या कामाचं तिथे काही नव्हतं. चित्रणाच्या दिवशी तिचं सगळं लक्ष कॅमेऱ्यात होतं, आणि नंतर तो शेवटचा भाग तिने एकदाही ऐकला नव्हता.

"ते मी नाही ऐकलं, आई."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांना आठवत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. डोळे बारीक करून, मान किंचित कलती करून, आईला चिडवताना करायचे तसं करून त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा गेली.

त्यांनी वही घेतली. दोन शब्द लिहिले, वाचले आणि खोडले. पुन्हा एक लिहिला, तोही खोडला. ते लिहून सांगण्यासारखं नव्हतंच. मग त्यांनी पेन्सिल वहीत ठेवली, वही मिटली. आई त्यांच्या ओठांकडे बघत तशीच बसून राहिली.